मोठीमायचं स्वतःचं पाप

माझी आजी दुसऱ्यांची पापं सांगायची.

चहाड्या म्हणून नव्हे, अगदी रीतसर. डोक्यावरून पदर घेऊन, पुढं वाकून, फादरांच्या कानाशी तोंड नेऊन ती आमची पापं सांगायची आणि आमच्या वतीनं क्षमा घेऊन घरी यायची. आल्यावर, "झालं बाबा सगळ्यांचं," म्हणत ओट्यावर टेकायची आणि चहा मागायची. घरादाराचं धुणं धुऊन आल्यासारखी.

आम्ही जिंतूरचे कॅथलिक. पुण्यात कुणी "जिंतुरात ख्रिस्ती असतात?" असं विचारलं की मी "हो" म्हणते आणि विषय बदलते. आमची घरं इतकी थोडी की नाताळात फराळाची ताटं फिरवायला अर्धी सकाळ पुरते. महिन्यातून दोन रविवारी फादर परभणीहून मोटारसायकलवर येतात. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. तिच्या कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा, पडद्यामागं दोन लाकडी खुर्च्या. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू होण्याआधी तिथं पापकबुली चालते. आपलं पाप आपण फादरांना सांगायचं, पश्चात्ताप झाला म्हणायचं, फादर देवाच्या नावानं क्षमा करतात, आणि मग मिस्सात ख्रिस्तप्रसाद घ्यायला मोकळं व्हायचं. यात 'आपलं' हा शब्द महत्त्वाचा आहे, असं मला सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत शिकवलं होतं. मोठीमायला ते कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर तिनं ऐकलं नव्हतं.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांची आई, मार्थाबाई. सगळी गल्लीच तिला मोठीमाय म्हणायची. बांध्यानं एवढीशी, पण नाकात मोरणी, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या मण्यांची जपमाळ, आणि आवाज असा की तिनं ओट्यावरून हाक मारली तर येलदरी रोडवरची एसटी थांबावी. गेल्या हिवाळ्यात ती गेली तेव्हा नव्वदी कधीच ओलांडली होती. तिच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "आंगावर ठिवू नये बाबा." हे ती तापाबद्दल म्हणायची, ओल्या लुगड्याबद्दल म्हणायची आणि पापाबद्दलही म्हणायची. माणसाचा भरोसा नाही, फादर पंधरा दिवसांनी येणार, तोवर कुणी पाप अंगावर घेऊन मेलं म्हणजे? बाबांना कबुलीला जायचा कंटाळा. मम्मीला लाज वाटायची. म्हणून मोठीमाय सगळ्यांचं एकदम उरकायची.

हेही चाललं असतं. पण साठीनंतर तिला ऐकू येईनासं झालं होतं, आणि बहिरी माणसं कुजबुजतात ती स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"माझ्या पोरानं उपासकाळातल्या शुक्रवारी बसस्टँडवर खिम्याचे समोसे खाल्ले. दोन. आन् घरी येऊन भूक न्हाई म्हनला."

पडद्याबाहेर बाकांवर सगळी मंडळी बसलेली. बाबा आपल्या चपलांकडे बघायचे. त्यांनी पायातल्या चपला जितक्या निरखल्यात तितक्या दुकानात घेतानासुद्धा निरखल्या नसतील.

"सुनेनं साखर संपली म्हनून सांगितलं. डब्यात हुती. म्या बघितली."

मम्मी ओढणीनं उगाच घाम पुसायची.

तेव्हाचे जुने फादर पास्कल फार सहनशील होते. मोठीमायचं पापांचं गाठोडं सुटलं की ते डोळे मिटून ऐकत राहायचे. लोकांनी ऐकू नये म्हणून त्यांनी एक तोडगा काढला होता. मोठीमाय पडद्याआड गेली की पेटीवाल्या सायमनकाकांनी गाणं सुरू करायचं आणि सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं. पण गाण्याचा आवाज वाढला की मोठीमायचाही वाढायचा. शिवाय सायमनकाका ऐन मोक्याच्या जागी भाता सैल सोडायचे. जिंतुरात कुठल्या घरात काय शिजतंय ते पोलिसांना कळलं नसतं, पण आमच्या चर्चमध्ये पेटीच्या सुरात कळायचं.

आमच्या शेजारच्या कांताबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांचं घर बौद्ध. त्यांचा आणि मोठीमायचा चाळीस वर्षांचा घरोबा, आणि भांडणही तेवढंच जुनं. एकदा त्या तरातरा आमच्या ओट्यावर आल्या.

"मोठीमाय, तुमी माझं पाप सांगितलं म्हनं चर्चात?"

"तुमचं नाव न्हाई घेतलं."

"मग काय म्हनल्या?"

"डाव्या अंगाची शेजारीण म्हनले."

"आन् उजव्या अंगाला कोन हाय तुमच्या? उजव्या अंगाला नाली हाय! साऱ्या गावाला कळलं की कांताबाई हाय म्हनून. आमच्याकडं पंचशील हाय. मोडलं तर आमचं आमी बघू. तुमच्या फादरला कशाला तरास?"

"फुकट केलं की वो तुमचं. आंगावर ठिवू नये."

कांताबाई बडबडत गेल्या. दुसऱ्या दिवशी आमटीची वाटी घेऊन परत आल्या आणि मोठीमायच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "ते सुनेला टोचून बोलले ते बी सांगितलं का वो तुमी?"

"व्हय."

"बरं झालं. लय जिवाला लागलं हुतं."

माझा नंबर लागला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. परभणीच्या त्या इंग्रजी शाळेत मी वसतिगृहात राहायची, तिथं वार्षिक कार्यक्रम होता. मोठीमाय नऊवारीत, हातात कापडी पिशवी घेऊन एसटीनं आली. पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू. माझ्या मैत्रिणींच्या आज्या गाडीतून उतरत होत्या. एकीनं विचारलं, "हू इज शी?" मी म्हणाले, "समवन फ्रॉम अवर व्हिलेज." मोठीमायला इंग्रजी येत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, त्यामुळं मी निर्धास्त होते. ती हसली, लाडू दिले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

पुढच्या रविवारी मी घरी आले होते, तेव्हा चर्चमध्ये पडद्यामागून आवाज आला.

"माझ्या नातीनं शाळेत मला आजी म्हनायची लाज धरली. लेकरू हाय. तिला माफ करा. तिच्यावर ठिवू नका."

सायमनकाकांचा भाता सैल पडला. मला त्या वेळी जे झालं त्याला मी आजही नुसता धक्का म्हणू शकत नाही. जमीन फाटावी असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. तिला कसं समजलं होतं? माझ्या तोंडाकडे बघून समजलं असेल. घरी आल्यावर ती एका शब्दानं बोलली नाही. चहा मागितला, बशीत ओतून मलाच दिला. त्या दिवसापासून मी तिला स्वतःबद्दल काही सांगणं बंद केलं. खरं म्हणजे कुणालाच.

आमच्या घरातली एकमेव मोठी गोष्ट म्हणजे माझी आत्या. बाबांची सर्वांत थोरली बहीण. पंधराव्या वर्षी ती सिस्टर व्हायला गेली आणि सिस्टर झाली. आसामकडे चहाच्या मळ्यांजवळ त्यांचा मठ आणि दवाखाना आहे. चार-पाच वर्षांतून एकदा आठवडाभर यायची, त्यातले दोन दिवस प्रवासातच जायचे. दर नाताळात फादर मिस्सानंतर सांगायचे, "आपल्यामध्ये एक माता आहे, जिनं आपली लेक देवाला दिली." मोठीमाय उभी राहायची, हात जोडायची, लोक टाळ्या वाजवायचे. बायका तिच्या पाया पडायच्या. दिवसातून तीनदा ती जपमाळ ओढायची, पहाटे, दुपारी भांडी झाल्यावर आणि दिवेलागणीला. ओठ हलायचे, मणी सरकायचे. आमच्यात कुणाचा विश्वास डगमगला की मोठी माणसं म्हणायची, मार्थाबाईकडं बघा.

मग फादर पास्कल यांची बदली झाली आणि फादर अमोल आले. वय तिशीच्या आसपास, दाढी कोरलेली, मराठी पुस्तकी, नियमाचे पक्के. तेव्हा मी पुण्याहून घरी येऊन कॉम्प्युटरवर काम करत होते आणि मोठीमायला चर्चला नेण्याचं काम माझ्याकडं होतं. ईस्टरआधीचा उपासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतरचा पहिला रविवार. मोठीमाय पडद्याआड गेली. पेटी सुरू झाली. "माझ्या पोरानं..." एवढंच झालं आणि फादर अमोल यांचा आवाज आला. तोही मोठा, कारण तिला ऐकू जायला हवं.

"आजी, थांबा. मुलाचं मुलगा सांगेल. तुमचं सांगा."

"माझं काय न्हाई."

"प्रत्येकाचं असतं."

"पोराचं लय हाय, फादर. ते तर घ्या."

"मी पोस्टमन नाही, आजी. दुसऱ्याचं टपाल घेणार नाही. ईस्टरपर्यंत वेळ आहे. तुमचं स्वतःचं एक पाप घेऊन या, मग ख्रिस्तप्रसाद मिळेल."

त्या दिवशी प्रसादाच्या रांगेत मोठीमाय उभी राहिली नाही. बाकावर बसून राहिली. माझ्या जन्मात हे मी पहिल्यांदा बघत होते. बाबांनी चपला बघायचं सोडून तिच्याकडं बघितलं. सायमनकाकांचा पेटीवरचा हात चुकला. घरी आल्यावर तिनं चहाही मागितला नाही. "हा ईस्टर माझा शेवटचा हाय," असं ती वीस वर्षं म्हणायची आणि आम्ही हसायचो. त्या दिवशी तिनं ते म्हटलं नाही, म्हणून आम्ही घाबरलो. प्रसादावाचून ईस्टर म्हणजे तिच्या लेखी देवानं दार लावून घेणं.

पुढच्या आठवड्यात मला तिचा शोध लागला तो कांताबाईंच्या परसात. वांग्याच्या झाडाशी ती वाकलेली आणि पदरात पाच-सहा वांगी.

"मोठीमाय, काय करायलीस?"

"चोरी," ती म्हणाली. हळू म्हणाली असावी, पण कांताबाई घरातून बाहेर आल्या.

"अहो, मागितली असती तर टोपलंभर दिली नसती का?"

"मागून घेतल्यावर पाप कसं हुईल?"

कांताबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग मोठीमायनं त्यांना सगळा खुलासा केला. फादरला स्वतःचं एक पाप पाहिजे, शोधून सापडंना, म्हणून एक करायलेय. कांताबाई इतक्या हसल्या की त्यांना झाडाचा आधार घ्यावा लागला.

"मग न्या. पर म्या तुमाला माफ केलं बगा."

"तुमी नका करू! तुमी माफ केल्यावर फादर काय करील?" मोठीमाय खरंच चिडली होती.

तेवढ्यावर भागेल असं तिला वाटेना. उपासकाळात शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून एका शुक्रवारी तिनं मटणाचा रस्सा आणायला लावला. पहिला घास तोंडात घेऊन ती बराच वेळ बसली आणि मग परसात जाऊन थुंकून आली. दारावर आलेल्या भंगारवाल्याला तिनं एक शिवी दिली. तो बिचारा थांबून म्हणाला, "क्या हुआ अम्मा, तबियत ठीक है?" तर तिनं त्याला पाणी दिलं आणि वर भाकरीही दिली. मम्मीनं मला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरला दाखवायचं का. नव्वदीच्या बाईला पाप करता येत नाही, हे डॉक्टरला कसं सांगायचं ते आम्हाला कळेना.

त्यानंतरच्या रविवारी ती वांगी घेऊन पडद्याआड गेली. म्हणजे वांग्यांचं पाप.

"शेजारणीची वांगी चोरली. सा."

"पश्चात्ताप झाला का?"

"न्हाई. चांगली हुती वांगी."

फादर अमोल हसले असावेत, कारण थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "आजी, हे पाप तुम्ही माझ्यासाठी केलंत. मला तुमचं जुनं पाहिजे. घरातलं."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू आला नाही. चिडलेली नव्हती, भ्यालेली होती.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारला चार दिवस राहिले होते. दुपारची वेळ. मम्मी बाजारात, बाबा कामावर. मोठीमाय ओट्यावर सुपात तूर घेऊन खडे काढत होती. मला म्हणाली, "तुझं ते मशीन ठिव. ओढनी डोक्यावर घे. हितं बस. तू फादर."

"कशाला?"

"घोकून बघते. तू कुनाला बोलत न्हाईस. इचार मला."

मी ओढणी घेतली. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "काय पाप केलं?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. आणि मग मोठीमाय हळू बोलली. खरोखर हळू. मला पुढं सरकावं लागलं. ती इतक्या हळू बोलू शकते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"माझी पोरगी म्या देवाला दिलीच न्हाई."

मला कळेना. ती सांगू लागली. तेव्हा ते येलदरीला राहायचे. धरणाचं काम चालू होतं आणि माझे आजोबा तिथं मजूर होते. मृगाचे दिवस. मोठीमाय कुणाच्या तरी रानात सरकी टोबायला गेली होती. दिवसभर वाकून संध्याकाळी घरी आली तर पोरगी नव्हती. मिशनची जीप आली होती. मिशनवाले सिस्टर होण्यासाठी मुली नेत होते. आजोबांनी हो म्हटलं. पोरगीही हसत हसत जीपमध्ये चढली. शेजारच्या बायका मोठीमायची वाट बघत उभ्या होत्या, पाया पडायला.

"साऱ्या म्हनल्या, भाग्यवान हाय गं मार्था, देवानं तुझी लेक मागितली. आगं, कवा मागितली? मरियेला तर येशू पोटी घालायच्या आदी इचारलं हुतं. दूत पाठवून इचारलं. तिनं व्हय म्हनल्यावर पुढचं झालं. मला कोन पाठवला? मी रानात हुते ना, रानात पाठवायचा."

मी डोक्यावरची ओढणी सावरली.

"मग म्या बी ठरवलं. जपमाळ धरली. त्या दिसापासून, रोज, तीन टायमाला. हरेक मण्याला एकच मागायलेय. देवा, तिला सिस्टर हुऊ देऊ नको. ती नापास हू दे. तिला आजार येऊ दे, लय मोठा न्हाई, घरी धाडतील एवढा. तिच्यावर मोठ्या सिस्टरचा राग हू दे. तिला हाकलून दे. माझ्या दारात आनून सोड."

"अजून?" माझ्या तोंडून निघालं. "अजूनपण मागतेस?"

"आज सकाळी बी."

समोर नालीवर एक कोंबडी काहीतरी उकरत होती, तिच्याकडं मी बघत राहिले. ही बाई हात जोडून उभी राहायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. बाप्तिस्म्यापासून आजवर मी जी जपमाळ भक्तीचा नमुना म्हणून बघत आले, तो देवाविरुद्धचा अर्ज होता. दिवसातून तीनदा, अठ्ठावन्न वर्षं.

"आन् आमची पापं?" मी विचारलं. माझी भाषा तिच्यासारखी झाली होती.

"तुमची सांगत बसलं की फादरला टाईम उरत न्हाई. माझ्यापस्तोर पाळी येत न्हाई." ती ओशाळून हसली. "तुमचं बी खरंच भेव वाटायचं गं. पर हे बी हुतं."

झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. मोठीमाय आज काय घेऊन येते, हे बघायला एरवी न येणारेही आले होते. ती पडद्याआड गेली. सायमनकाकांनी पेटी उघडलीच नाही. सगळे कान टवकारून बसले. पडद्यामागून काहीही ऐकू आलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुढच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "मोठीमायचा आवाज बसला का काय?" फादरांनाही तिच्या कानाशी वाकून बोलावं लागलं असावं, कारण पडद्याखालून त्यांचे बूट तिच्या चपलांना टेकलेले दिसत होते.

ती बाहेर आली. आणि प्रसादाच्या रांगेत उभी राहिली नाही.

घरी येताना मी तिचा हात धरला होता. मी सहसा कुणाला काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं.

"फादर म्हनले, ते मागनं सोडा. म्या म्हनले, सोडते म्हनावं तर जीभ वळंना. देवळात खोटं कसं बोलू? मग म्हनले, आदी पोरीला सांगा. जिच्याबद्दल मागता तिला तर माहीत पाहिजे. मग ईस्टरला या." थोडं चालून ती थांबली. "तुझ्या फोनात तिचं तोंड दिसतं ना?"

आत्या तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. गुडघे गेलेले, दवाखान्यातलं काम सुटलेलं. मठातल्या एका तरुण सिस्टरनं फोन धरून दिला. पडद्यावर पांढरी ओढणी, जाड चष्मा. "माय, आवाज येतो का?" आत्या ओरडली. तिच्या मराठीत आता दुसऱ्याच कुठल्या भाषेचा हेल आला होता.

मी उठून जायला लागले. मोठीमायनं माझा दंड धरला. फोन कसा धरायचा ते तिला येत नव्हतं.

ती आपल्या लेकीला "सिस्टर, तुमी" म्हणायची. कायम. त्या दिवशी म्हणाली, "शांते, ऐक."

तिनं सगळं सांगितलं. पुन्हा तिच्या मूळच्या आवाजात. बाबा-मम्मी घरात नव्हते, पण गल्लीतल्या प्रत्येकानं ऐकलं असेल. हाकलून दे, आजारी पाड, दारात आणून सोड, काही गाळलं नाही. पलीकडं आत्याचा चेहरा हलत नव्हता. मला वाटलं नेट अडकलं.

मग आत्यानं चष्मा काढला.

"माय, मी दोनदा निघाले होते."

"काय म्हनली?" मोठीमायनं मला विचारलं. मी तिच्या कानात सांगितलं.

"एकदा विसाव्या वर्षी, शपथा घ्यायच्या आधी. आणि एकदा माझे बाबा वारल्यावर. दोन्ही वेळा कपड्यांची पेटी भरली होती. पहिल्या वेळी तर तिकीट पण काढलं होतं. मग वाटलं, गाव तुझ्या पाया पडतं. तू साऱ्या चर्चात उभी राहतेस. मी परत आले तर तू तोंड कसं दाखवशील? माय लाजेनं मरेल, म्हणून पेटी परत रिकामी केली."

मी ते एकेक वाक्य मोठीमायच्या कानात सांगत होते. दुसऱ्याचं बोलणं असं पोचवायची मला सवय नाही. शेवटचं वाक्य माझ्याकडून दोनदा तुटलं.

मोठीमायनं तोंड फोनजवळ नेलं, पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्या बाईपाशी. मग एवढंच म्हणाली, "यायचं हुतं की गं."

"हो," आत्या म्हणाली.

"जेवलीस का?"

"जेवले."

ईस्टरला मोठीमाय पडद्याआड गेली आणि लगेच बाहेर आली. रांगेत उभी राहिली, प्रसाद घेतला, डोळे मिटून चावला. बाबा रडले. ते का रडले हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं, कारण त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मी नंतर तिला विचारलं, मागणं सोडलंस का?

"आता काय मागू?" ती म्हणाली. "देवानं दोनदा दिलं हुतं. आमीच न्हाई घेतलं."

मे महिन्यात आत्या आली. या वेळी चांगली महिनाभराची रजा काढून. घरात दोघींचं बोलणं फारसं नव्हतंच. एक ओरडायची, दुसरी पुटपुटायची, आणि दोघी सारख्या काहीतरी खात असायच्या, कैरी, शेंगा, शिळी भाकर आणि ठेचा. आत्याच्या पथ्याचा कागद मम्मीनं फ्रिजवर लावला होता, तो मोठीमायनं काढून चुलीत घातला.

रविवार उजाडला. फादर येणार होते. त्यांनी आधीच कळवलं होतं की सिस्टर आल्यात तर आज त्यांचा आणि मातेचा सत्कार करू. हार आणले होते. बाबांनी नवा शर्ट घातला. मी मोठीमायला न्यायला आतल्या खोलीत गेले.

"चल, उशीर होतोय."

"आमी येत न्हाई," मोठीमाय म्हणाली.

"म्हणजे? मिस्सा आहे. रविवार आहे."

"मालूम हाय."

मी आत्याकडं बघितलं. पन्नासहून अधिक वर्षं जिनं एक रविवार चुकवला नसेल ती सिस्टर खाली फरशीवर पाय पसरून बसली होती. डोक्यावरची ओढणी काढून तिनं मांडीवर घडी करून ठेवली होती. मी तिचे केस कधी बघितले नव्हते. कातरलेले, पांढरे, बोटभर लांब. ती माझ्याकडं बघून खांदे उडवून हसली, शाळा बुडवलेल्या पोरीसारखी.

मोठीमाय तिच्या मागं पाटावर बसली होती. शेजारी खोबरेल तेलाची वाटी. विंचरण्याएवढे केस नव्हतेच. तरी ती फणीनं भांग पाडत होती, मोडत होती, आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा पाडत होती.

"तुमी व्हा पुढं," ती मला म्हणाली. "आन् दार ओढून घे."